बदलीचं रक्त

सूर्यमाळच्या पाड्यांवर एकाच्या बदली दुसरं माणूस कामाला गेलं, तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. लावणीच्या दिवसांत आज आमच्या घरचं माणूस तुमच्या खाचरात, उद्या तुमच्या घरचं आमच्या. आता घरचं माणूस म्हणजे नेमकं कोण, हे विचारत बसायला वेळ कुणाला आहे? सासूची कंबर धरली की सून जाते, सून बाळंत असली की नणंद जाते. रोपं लावून झाली म्हणजे झालं. रोजगार हमीच्या कामावरही नाव एकीचं आणि मातीची पाटी दुसरीच्या डोक्यावर, असं कैक वर्षं चालत आलंय. बाहेरून येणारे साहेब याला लबाडी म्हणतात. पाड्यावर याला घर सांभाळणं म्हणतात, आणि फागीला परवा-परवापर्यंत पाड्याचंच खरं वाटत होतं.

फागी घरात थोरली. तिचं बाळपणच बदली जाण्यात गेलं म्हणा ना. आई येसू तापाने पडली की तिच्या जागी लावणीला ही, बाप पुंजा गेल्यावर नांगरामागे ही. लग्न होऊन ती शेजारच्या पाड्यावर गेली, पण नवरा चंदू ठाण्याकडे बांधकामावर, त्यामुळे निम्मं वर्ष माहेरीच. धाकटी चंदना बाजाराला जायला कंटाळायची, म्हणून तिच्या पोलक्याचं माप द्यायलाही मोखाड्याच्या शिंप्याकडे फागीच. दोघींची अंगकाठी सारखी. फागीच्या मापाचं पोलकं चंदनाला असं चपखल बसायचं, की शिंप्याला कधी संशय आला नाही.

चंदना म्हणजे पाड्याची हरणी. आश्रमशाळेच्या स्पर्धांत तिला कुणी कधी गाठलं नव्हतं. बारावी झाल्यावर पोलीस भरतीचं वेड घेतलं आणि रोज सकाळी खोडाळ्याच्या रस्त्यावर धावायला लागली. मग एका थंडीत तिचे गुडघे सुजले. पुढच्या थंडीपर्यंत हाताची बोटंही आखडली. सकाळी उठल्यावर मूठ वळेना, भाकरीचा तुकडा मोडवेना. भगताने मुळ्या दिल्या, बिब्बा घातला. बिब्ब्याने कातडी उतून निघाली आणि गुडघा होता तसाच राहिला. ज्या पोरीने सगळ्या तालुक्याला मागे टाकलं, ती कुडाला धरून उंबऱ्यापर्यंत जायला लागली. हे बघताना फागीचं काळीज तुटायचं. आपले गुडघे काढून हिला देता आले असते तर त्याच पावली दिले असते, असं ती म्हणायची, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

जव्हारला एका संस्थेचं आरोग्य केंद्र होतं. तिथली जयवंती सिस्टर जव्हारच्याच शेतकरी घरातली, शिकून नर्स झालेली. तिने चंदनाचे हात दाबून बघितले आणि हा तरण्या वयातला संधिवात असल्याचं सांगितलं. आपल्या रक्तात राखणीला शिपाई असतात, ती म्हणाली, बाहेरचा रोग आला की ते त्याच्यावर तुटून पडतात. चंदनाचे शिपाई चुकलेत. घरच्यालाच चोर समजून मारतायत. गोळ्या सुरू झाल्या. थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी सिस्टरने तिला ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या डॉक्टरबाई नव्या तऱ्हेचं काम करत होत्या.

डॉक्टरबाईंनी चंदनाच्या गुडघ्यात बारीक सुई घालून सांध्याच्या आतलं अस्तर थोडंसं काढून घेतलं. ते त्या वाढवणार होत्या, आणि वाढलं की यंत्रातून थरावर थर छापून त्याचा छोटासा सांधा करणार होत्या, मसुराच्या डाळीएवढा. फागीने ते यंत्र बघितलं. बाजारातला फरसाणवाला सोऱ्यातून शेव पाडतो तशी त्याच्या टोकातून ओली तार पडत होती. "या तुकड्यावर आधी औषधं लावून बघायची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जे लागू पडेल तेच चंदनाला. उगाच तिच्या अंगावर प्रयोग नकोत. तिच्या मापाचं औषध." माप म्हटल्यावर फागीला शिंपी आठवला आणि ती गालात हसली. पुढे ते हसणं तिला पुष्कळदा आठवलं.

नुसत्या अस्तराने काम भागणार नव्हतं. त्यात सोडायला चंदनाच्या रक्तातले शिपाईही हवे होते, ताजे, आणि तुकडा तयार झाल्यावरच. शिवाय औषध सुरू करण्याआधी छातीत जुना टीबी कुठे दडून बसला नाही ना, तेही त्याच रक्तावरून कळणार होतं. छातीचा फोटो साफ होता, पण दडलेला टीबी फोटोत दिसतोच असं नाही. तेव्हा मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी संस्थेची गाडी येईल, तिथे रक्त द्या, असा जयवंतीचा निरोप आला.

निरोप आला तो ऐन लावणीत. चंदना तापाने फणफणली होती. पाऊस चार दिवस हटत नव्हता, आणि तिला पाठुंगळी घेऊन जीपच्या रस्त्यापर्यंत उतरायचं म्हणजे पोर अर्ध्या वाटेत गारठायची. येसूने तिच्या डोळ्याची पापणी उलटून बघितली आणि फागीला बाहेर पडवीत बोलावलं.

"हिच्या अंगात रगत हाय का काढाया? पापणी बघ, कागदावानी पांढरी. हाय ते पन काढून नेलं त मंग राहील काय?"

"आये, सिस्टरनं सांगलंय, द्यावाच लागल. नाय त औषध नाय."

"मंग तू दे. एकाच कुशीतल्या तुमी. रगत काय येगळं हाय?"

फागीला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. येसूच्या मते अंगातून गेलेलं रक्त परत भरत नाही, आणि फागी धडधाकट होती, तिच्यात थोडं कमी झालं तर काय बिघडणार होतं? उलट तिला बरं वाटलं. गुडघे देता आले नाहीत, निदान हे तरी देता येईल. इरलं घेऊन ती उतरली, जीप धरली, आणि बाजारात भिजत उभ्या असलेल्या गाडीजवळ गेली. गाडीतल्या माणसाने चंदनाला कधी बघितलं नव्हतं. त्याने "चंदना पुंजा" म्हणून हाक मारली. फागी "हं" म्हणाली आणि हात पुढे केला.

"घरात कुणाला टीबी?" त्याने रक्त काढता काढता विचारलं.

"नाय."

हे ती खोटं बोलली नाही. पुंजा भिवंडीच्या वीटभट्टीवरून खोकत आला आणि वर्षभरात गेला, तेव्हा फागी आश्रमशाळेच्या वसतिगृहात होती. बापाला दमा होता, हे तिने आईकडून ऐकलं होतं आणि कधी त्यावर विचार केला नव्हता. चंदना तेव्हा लहान होती, घरी होती, आणि बापाच्या पाठीला चिकटून झोपायची.

पुढच्या आठवड्यात जयवंतीचा फोन आला. रक्त साफ होतं. येसूने देवाला नारळ फोडला.

भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा ठाण्याहून बोलावणं आलं. चंदना, फागी आणि जयवंती, तिघी गेल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना एका मोठ्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर गुलाबी जाळं दिसत होतं आणि त्यावर काळपट ठिपके वळवळत होते. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसे ते एका जागी धावत होते, आणि जिथे जमत तिथलं जाळं विरत जात होतं.

"हे गुलाबी आहे ना, ते तुझ्या गुडघ्याचं अस्तर," डॉक्टरबाई चंदनाला म्हणाल्या. "आणि हे ठिपके म्हणजे तू मोखाड्याला रक्त दिलंस, त्यातले शिपाई. बघ कसे तुटून पडलेत. इतकं चिडलेलं रक्त मी अजून कुणाचंच बघितलं नाही."

ते ठिपके फागीचे होते. तिच्या अंगातले, तिने आपखुशीने दिलेले, आणि ते तिच्या बहिणीचं मांस खात होते. असं का होतंय ते तिला कळत नव्हतं, पण हे बघू नये असं काहीतरी आपण बघतोय एवढं तिला नक्की कळलं. तिने तोंड उघडलं. डॉक्टरबाई उत्साहाने पुढे बोलत होत्या, जयवंती माना डोलावत होती, आणि चंदना पडद्याकडे टक लावून बसली होती. तेवढ्या माणसांसमोर आपण लबाडी केली म्हणून सांगायचं तिला धाडस झालं नाही. तिने तोंड मिटलं.

सौम्य औषधं लावून बघितली होती, त्यांनी ठिपके हटले नाहीत. मधली लावली, तरी नाही. मग सगळ्यांत जहाल औषध लावलं, तेव्हा ते एकदाचे गप्प पडले. तेच चंदनाला द्यायचं ठरलं. दर काही आठवड्यांनी जव्हारला एक इंजेक्शन.

"तो तुकडा अजून जित्ता हाय?" निघताना फागीने विचारलं.

"आहे की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आम्ही सांभाळतो त्याला."

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी जयवंतीने दोघींना समोर बसवून बजावलं. हे औषध शिपायांना झोपवतं. सांध्यातल्यांना झोपवतं तसंच बाकीच्यांनाही. छातीत जर जुना टीबी दडलेला असेल, तर राखण सुटते आणि तो उठतो, मग तो आवरत नाही. "पण तुझं रक्त साफ आलंय, तेव्हा तो घोर नाही," असं म्हणून तिने सुई भरली. फागी त्या सुईकडे बघत राहिली. साफ आलं ते रक्त आपलं, हे वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण टीबी कुठून येणार? घरात कुणाला नव्हता. तिने मनाची समजूत घातली, आणि सुई आत गेली.

आणि काय सांगावं, औषध लागू पडलं. दिवाळीनंतर चंदनाची मूठ वळली. नागलीची मळणी झाली तेव्हा ती उखळीजवळ बसून कांडत होती. थंडी पडली, दर थंडीत खिळून बसणारी पोर सकाळी उठून बिनआधाराची ओहोळापर्यंत गेली आणि परत आली. येसू पाड्यावर घरोघर सांगत सुटली. मग एका सकाळी चंदनाने जुने बूट काढले, ओढणी कमरेला बांधली आणि रस्त्याला लागली. फागी टेकाडावर सरपण गोळा करत होती. तिला खाली वळणावर ती धावताना दिसली, आधी अडखळत, मग मोकळी. फागी मोळी टाकून तिथेच बसली आणि खूप रडली. त्या रडण्यात आनंद होताच, पण सगळा आनंद नव्हता. पडद्यावरचे ठिपके तिच्या डोळ्यांपुढून गेलेच नव्हते.

मोह फुलायला लागला तेव्हा चंदना खोकायला लागली.

धुळीचा खोकला असेल, येसू म्हणाली. विहिरी आटत आल्या होत्या, पाण्याला खाली झऱ्यापर्यंत जावं लागत होतं, आणि चंदना आता दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढायची. कौतुकाने सगळे बघायचे. फक्त फागीला दिसत होतं की ती चढावर मध्येच थांबते, हंडा तसाच धरून दुसऱ्या हाताने बरगडी दाबते. तिचं पोलकं खांद्यावरून ढिलं पडलं होतं. फागीच्या मापाचंच ते, फागीला अजून अंगासरसं बसत होतं. संध्याकाळी चंदनाच्या कपाळाला हात लावला की कणकण लागायची.

फागीने आईला गोठ्यामागे गाठलं.

"आये, बा कशानं गेला?"

"दम्यानं. तुना ठाव नाय?"

"खरं सांग."

येसू शेण कालवायला लागली. मग खालच्या मानेने म्हणाली, "रगत पडायचा त्याच्या तोंडातनं. भट्टीवरनंच आनला व्हता. लोकांना कसा सांगू? दोन पोरी व्हत्या पदरात, कोनी सून करून नेल्या असत्या?"

सगळं एका दमात फागीच्या ध्यानात आलं. ती वसतिगृहात होती म्हणून तिचं रक्त साफ होतं. चंदना बापाच्या पाठीला होती.

"मी सिस्टरला सांगते," ती म्हणाली.

"सांगशील नि काय व्हईल? सुई बंद करतील. पोर परत कुडाला धरून बसल." येसूने तिचा हात पकडला, शेणाने भरलेल्या हाताने. "कवा नाय ती धावाया लागली. भरती तोंडावर हाय तिची. एवढी भरती होऊ दे, मंग सांग."

फागीने तेव्हाच सांगायला हवं होतं. हे तिलाही कळत होतं, आणि कळत असूनही तिने दिवस ढकलले. कधी वाटायचं, धुळीचाच असेल खोकला. कधी वाटायचं, चंदनाला धावताना अजून एकदा बघू. भितरेपणा हा, दुसरं काय. पण तो माया करणाऱ्याचा भितरेपणा होता, आणि तसला माणसाला सगळ्यांत खोल बुडवतो. पाण्याला जाताना ती बहिणीच्या मागून चालायची आणि तिचा एकेक श्वास ऐकायची.

पुढच्या इंजेक्शनची तारीख आली. आज सांगायचंच, असं ठरवून फागी चंदनाबरोबर निघाली. जीप मोखाडा सोडून घाटाला लागली, तेव्हा चंदना तोंडाला ओढणी लावून खोकत होती आणि शेजारची बाई सरकून बसत होती. जव्हारला केंद्रात शिरताना चंदनाने नळावर तोंड धुतलं, गालांवर चापट्या मारून घेतल्या, आणि ताठ होऊन आत गेली.

"खोकला-बिकला?" जयवंतीने नेहमीचं विचारलं.

"नाय," चंदना म्हणाली.

जयवंतीने तिला काट्यावर उभं केलं, काटा बघितला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. वजन बरंच उतरलं होतं. तिने सुई भरायची थांबवली. कपाटातून झाकणाची एक छोटी प्लास्टिकची डबी काढून चंदनाच्या हातात दिली. "बाहेर मोकळ्यावर जा. खोल खोकून यात बेडका टाकून आण. इथल्या इथे तपासू. साफ असला तर लगेच सुई देते."

दोघी मागच्या आवारात गेल्या. जांभळाच्या झाडाखाली कुणी नव्हतं. चंदनाने डबीचं झाकण काढलं, थोडा वेळ आत बघितलं, आणि डबी फागीपुढे धरली.

"तू टाक."

"काय?"

"माझ्या बदली. मोखाड्याला रगत दिलंस तसा."

फागी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "तुना कोनी सांगलं?"

"सांगाया कशाला व्हवा? मना कोनी टोचलंच नव्हतं. ठान्याला ती बाई म्हनली, हे तू दिलेलं रगत. तवाच कळलं मना." चंदना हे अगदी शांतपणे बोलली. "तू नाय बोललीस, मी पन नाय बोलले. औषध मिळत व्हता ना."

म्हणजे त्या पडद्यासमोर दोघी शेजारी-शेजारी बसून दोघीही गप्प होत्या. झाडाच्या बुंध्याला हात टेकून फागीने विचारलं, "रगत पडतंय का खोकल्यात?"

चंदनाने ओढणीचं टोक मुठीत लपवलं. "भरती झाली का मी सोता सांगन. एवढ्या येळी टाक. मना परत त्या कुडाजवळ नाय बसायचा, बाय. त्यापरीस मेलेली बरी." डबी धरलेली तिची बोटं सरळ होती. एकही गाठ नाही, सूज नाही. किती सुंदर बोटं होती तिची. फागीने ती डबी घेतली.

डबी घेऊन ती उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बदली जाता येईना. एवढीशी डबी. एकदा थुंकायचं. मग सुई मिळेल, उद्या सकाळी पोर पुन्हा धावेल, आई पुन्हा पाड्यावर सांगत सुटेल. आणि चंदनाच्या छातीत जे उठलंय, त्याची उरलीसुरली राखणही झोपी जाईल. फागीने डबीचं झाकण लावलं. चंदना काही बोलायच्या आत ती आत गेली, रिकामी डबी जयवंतीच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. लावणी, ताप, आईचं बोलणं, बाजारातली गाडी, बापाच्या तोंडातून पडणारं रक्त. बोलताना तिने एकदाही वर बघितलं नाही.

जयवंती रागावली नाही. ती रागावली असती तर फागीला बरं वाटलं असतं. तिने भरायला काढलेलं इंजेक्शन परत खोक्यात ठेवलं, खोकं शीतपेटीत ठेवलं, आणि ठाण्याला फोन लावला. फोनचा आवाज मोकळा सोडला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. चंदना दारात येऊन उभी होती.

जयवंतीने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "फागी, तू आहेस तिथे?"

"हाय बाई."

"आपण पडद्यावर जे बघितलं ना, ती चंदनाच्या आजाराची मारामारी नव्हती. तुझ्या रक्ताला तिचं अस्तर परकं वाटलं, म्हणून ते असं तुटून पडलं होतं. तिचा आजार खरा किती होता, ते आपण बघितलंच नाही." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "त्याच्यासाठी कदाचित सौम्य औषधसुद्धा पुरलं असतं. मी जहाल दिलं ते तुझ्या रक्ताला गप्प करायला. मलाही शंका यायला हवी होती."

"पन आमी सख्ख्या बहिनी," फागी म्हणाली.

"बहिणी आहात गं. रक्ताला ते ओळखू येतंच असं नाही."

नंतर त्या जयवंतीशी भराभर बोलल्या. सुई बंद. बेडका आजच तपासायला. छातीचा फोटो आत्ताच. टीबीची औषधं लगेच सुरू करायला लागतील, पण जहाल औषध अंगातून उतरायला वेळ लागतो, तोवर छातीतलं थांबेल की पसरेल हे कुणी सांगू शकणार नव्हतं. गुडघे मात्र पुन्हा धरणार, ते जवळजवळ नक्की. चंदना हे सगळं दाराला टेकून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती टेबलाजवळ आली, डबी उचलली, बाहेर गेली, आणि झाडाखालून तिच्या खोकल्याचा आवाज यायला लागला. ती डबी घेऊन परत आली. जयवंतीने डबी उजेडात धरून बघितली आणि कागदात गुंडाळून ठेवली. आतली लाल रेघ फागीलाही दिसली.

फोटोच्या खोलीबाहेर बाकावर दोघी बसल्या. मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. चंदना बोटं उघडत होती, मिटत होती, उघडत होती. फागीला तिचा हात हातात घ्यायचा होता. मी चुकले, असं म्हणायचं होतं. आपण दिलं ते रक्त नव्हतं, घाव होता, हे तिला आता कळलं होतं, आणि एवढी माया असूनही ते कसं झालं हे अजून कळत नव्हतं.

खोलीचं दार उघडलं. आतल्या माणसाने "चंदना पुंजा" म्हणून हाक मारली.

फागी उठून उभी राहिली. उभी राहिल्यावर तिचं तिलाच कळलं.

चंदनाने तिच्याकडे बघितलं. किती दिवसांनी ती तिच्याकडे अशी नीट बघत होती. "बस तू," ती म्हणाली. "मी हाय."

ती उठली आणि कशाचाही आधार न घेता सरळ चालत दाराशी गेली. गुडघे झकास वळत होते. उंबऱ्यावर खोकल्याची उबळ आली तेव्हा तिने चौकट धरली, उबळ जाईपर्यंत तशीच उभी राहिली, आणि आत गेली. दार लागलं. आतून तो माणूस तिला श्वास रोखून धरायला सांगत होता. पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि चंदनाला तो रोखता येत नव्हता.